दुकान रिकामं व्हायची वाट बघू नका

मागच्या दिवाळीत धनतेरसच्या दुपारी एक नाना आले दुकानात, सातबाऱ्याची झेरॉक्स पाहिजे म्हणे. काढून दिली, पैसे दिले, पण उठेनात. अमळनेरला बसस्टँडजवळ माझं ऑनलाईन सेवेचं छोटं दुकान आहे, दिवाळीत पाय ठेवायला जागा नसते, तरी नाना तासभर बाकड्यावर बसून. कापसाला काय भाव चाललाय, पाऊस किती लांबला, सगळं बोलून झालं. शेवटचं गिऱ्हाईक पायरी उतरलं तेव्हा बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला न् हळूच म्हणाले, "भाऊ, पैसा ग्यात. कोनले सांगू नको, घरमा कल्ला व्हई."

झालं असं होतं. फोनवर जाहिरात आली, बॅटरीवरचा फवारणी पंप, दिवाळी ऑफर, ९९९ रुपये. नानांनी पैसे भरले, पंप काही आला नाही. आता इथपर्यंत ९९९ गेले म्हणून सोडून दिलं असतं तरी चाललं असतं, पण नानांनी नातवाकडून शिकलेलं, गुगलला विचारायचं. "कस्टमर केअर नंबर" टाकलं, पहिला जो नंबर आला त्यावर फोन लावला, आणि तो नंबरच चोराचा. समोरचा माणूस इतका गोड बोलला म्हणे की बाबा बाबा करून, रिफंडचा फॉर्म म्हणून व्हॉट्सॲपवर एक एपीके फाईल पाठवली, हे दाबा ते दाबा, परवानगी द्या. ती फाईल म्हणजे ॲप असतं हो, ते फोनमध्ये बसलं की तुमचे मेसेज तिकडे त्याला दिसतात, ओटीपी सांगायचीही गरज उरत नाही. तीन झटक्यात ३८ हजार. पहिल्या वेचणीच्या कापसाचे.

मी विचारलं कधी झालं, तर म्हणाले तीन दिवस झाले.

मला राग त्या चोराचा आला तो आलाच, पण त्याहून जास्त या तीन दिवसांचा आला. कारण १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन करायचा असतो तो लगेच, पैसे गेल्यावर पहिल्या तासात. ती यंत्रणा कशी चालते माहितीये का, तुम्ही तक्रार नोंदवली की ती तुमच्या बँकेला जाते, तिथून ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला, तिथून पुढच्या. चोर पैसे एका खात्यात ठेवतच नाही, भाड्याने घेतलेल्या पाच-सहा खात्यांतून पळवत नेतो आणि शेवटी एटीएममधून काढतो. ज्या खात्यात पैसे सापडले तिथे ते अडकवून ठेवता येतात, एकदा नोटा हातात आल्या की मग बसा बोंबलत. म्हणजे शर्यत आहे ती, आणि आपला माणूस तीन दिवस सुरुवातीच्या रेषेवरच उभा, का तर लोक काय म्हणतील.

आणि लोक खरंच म्हणतात ना भो! गल्लीत कोणाचे पाचशे गेले तरी "येडा झाला का रे", "एवढा शिकलेला आणि", "लालच केली तर असंच होणार". हे ऐकलेला माणूस स्वतःचे गेल्यावर कशाला तोंड उघडेल.

आता माझंच सांगतो, लाज सोडून. दोन वर्षांपूर्वी दुकानाच्या प्रिंटरची शाई मागवलेली, खऱ्या ठिकाणाहून, पार्सल खरंच यायचं होतं. मेसेज आला, तुमचं पार्सल गोदामात पडलंय, पत्ता अपूर्ण आहे, १२ तासांत दुरुस्त करा. लिंक उघडली, पत्ता भरला, २५ रुपये फी. कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी आला, टाकला. तो ओटीपीचा मेसेज मी नंतर शंभर वेळा वाचला असेल. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं, ९,८४० रुपयांच्या व्यवहारासाठी. मी फक्त सहा आकडे बघितले. खरं तर बघितलेही नाही, कीबोर्डच्या वर आपोआप आले ते दाबले. दुकानात तीन गिऱ्हाईकं उभी, एकाचं पॅन कार्ड, एकाचं रिचार्ज, कोण वाचतं पूर्ण मेसेज.

आणि पुढचं ऐका. कार्ड लगेच ब्लॉक केलं, पण १९३० ला फोन केला दुसऱ्या दिवशी सकाळी. का? तर दुकानात लोक होते, त्यांच्यासमोर कसं बोलणार की माझेच गेले. घरी गेलो तर बायको सांजोऱ्या तळत होती, तिलाही काही बोललो नाही. १९३० चं पोस्टर माझ्याच दुकानाच्या भिंतीवर आहे, मीच चिकटवलंय, काउंटरवर बसलो की डोळ्यासमोर. पैसे नाही आले परत.

म्हणून ते "लालच" वालं मला पटत नाही. पार्सलची वाट बघणं ही काय लालच आहे? दिवाळीत प्रत्येक घराचं काही ना काही रस्त्यात असतं, लेकीची साडी, पोराचे बूट, चोर हजार जणांना एकच मेसेज टाकतो, त्यातल्या पाचशे जणांना वाटतं आपलंच पार्सल अडकलं. त्याला तुमचं नावही माहीत नसतं.

ऑफरवाल्या वेबसाईटचं वेगळं. तिथे थोडा वेळ काढला तर बरंच दिसतं. परवा एक पोरगी आली, पैठणी ७९९ ला, दादा घेऊ का. साईटवर घड्याळ उलटं चाललेलं, दोन मिनिटं ५० सेकंद उरले. मी पान पुन्हा उघडलं, तर घड्याळ परत तीन मिनिटांवर! असली खोटी घाई करायला सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या नियमांत चक्क मनाई केली आहे, पण चोराला कुठले नियम. मग खाली पत्ता बघितला, जळगाव लिहिलेलं, म्हटलं वा, आपलेच. पण पिनकोड ११० ने सुरू होणारा. जळगावचा पिन ४२५००१ आहे हो, ११० म्हणजे दिल्ली. जीएसटी नंबर तर नव्हताच, महाराष्ट्रातल्या दुकानाचा असेल तर २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव निघतं, फुकट. आणि ते वर पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसतं ना, त्यावर जाऊ नका, कुलूप चोराच्या साईटलाही असतं. पोरीने शेवटी गावातल्या दुकानातून घेतली, दोन हजारात, पण हात लावून घेतली.

सोन्याच्या बाबतीत तर मी म्हणेन आपल्या जिल्ह्याच्या माणसाने फोनवरच्या अनोळखी ऑफरमधून सोनं घेणं म्हणजे कमालच. जळगावचा सराफ बाजार उशाला आहे. दागिना घ्या, त्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाका, तिथेच उभ्या उभ्या बघा.

अजून एक प्रकार यंदा गल्लीत झाला. पार्सलवाला आला, घरात कोणी नव्हतं, शेजारच्या काकूंनी चांगुलपणाने ५९९ भरून ठेवून घेतलं. संध्याकाळी उघडलं तर दोन रुमाल, आणि मागवलं कोणीच नव्हतं. आमच्या घरी आता कॅलेंडरवर लिहितो, कोणी काय मागवलं, पैसे भरलेत की द्यायचेत. लिहिलेलं नसेल तर पार्सल परत. बायको म्हणते दुधाच्या हिशोबासारखं झालं, होऊ दे.

आणि यूपीआयचा पिन. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही, रिफंडला नाही, कॅशबॅकला नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. हे मी दिवसातून दहा वेळा सांगतो तरी अकरावा येतोच.

दोन नंबरांत लोक गोंधळतात म्हणून लिहितो. दुकान खरं आहे पण माल फाटका निघाला, बदलून देत नाहीत, तर १९१५, ती ग्राहक हेल्पलाईन. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाईन दुकानाने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा असतो. समोर चोरच आहे तर १९३०, आणि फोन करताना बँकेचं नाव, वेळ आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा. बँकेलाही लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा की ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक तुमची असली तरी फोन करण्यात फायदाच.

नानांचे ३८ पैकी सहा हजार अडकवलेले सापडले, बाकी गेले. घरी अजून कोणाला माहीत नाही. गंमत म्हणा की काय म्हणा, मागच्या महिन्यात त्यांचा पुण्याचा पोरगा आलेला गावी, इंजिनियर आहे, झेरॉक्स काढायची म्हणे. बसून राहिला. सुट्टीत गोव्याचं हॉटेल बुक केलेलं, वेबसाईट खोटी, २२ हजार. म्हणतो, "काका, नानांना बोलू नका, ते म्हणतील एवढं शिकवलं कशासाठी." मी काय बोलणार, दोघांचीही तक्रार माझ्याच कॉम्प्युटरवरून भरलेली.

दुकान या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला दुपारपर्यंतच उघडं आणि पाडव्याला पूर्ण बंद, बाकी सगळे दिवस सकाळी नऊला उघडं. झेरॉक्स काढायची नसेल तर काढू नका. आत या, कितीही गर्दी असू दे, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणा, माझे पैसे गेले. रांगेतल्यांना मी थांबवतो.