आयज उदक बरें ना

सोलापूरच्या माणसानं समुद्राच्या भानगडीत पडू नये असं कुठंही लिहिलेलं नाही, आणि जे कुठंही लिहिलेलं नाही ते करून बघायची माझ्या साडूला खोड आहे. हा गृहस्थ दर रविवारी उजनीच्या पाण्यात गळ टाकून बसतो. चिलापी, मरळ, कटला, जे लागेल त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो. माशाचं तोंड कॅमेऱ्याकडे, साडूचं आभाळाकडे. यंदा त्याला वाटलं, धरण बास झालं. आता समुद्र, आता सुरमई. तीसुद्धा किनाऱ्यावर बसून नाही, चांगलं आत जाऊन. म्हापशात नोकरीला असलेल्या मेहुण्यानं फोनवर बोट ठरवली, आणि गाडी माझी मोठी असल्यामुळे मलाही मासेमारीची आवड उत्पन्न झाली.

शनिवारी संध्याकाळी निघालो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, निपाणी, आजरा. मागच्या सीटवर थर्माकोलचा खोका. खोका एवढा मोठा, की परतीला आमच्यापैकी एकाला एसटीनं यावं लागेल असा हिशेब साडूनं निघण्यापूर्वीच मांडला होता. तो एक मी असणार होतो, गाडी माझी असून.

वाटेत ज्ञान चालूच. साडू कोकणातल्या कुणाकडून एक सूत्र शिकून आला होता: तिथीला पाऊणनं गुणायचं, की साधारण भरतीची वेळ निघते. "उद्या अष्टमी. आठ पाऊण सहा. सकाळी सहाला भरती टच्च. आपण सहालाच सुटायचं." पाऊणकी पाठ असलेला माणूस अडाणी नाही, एवढं मला मान्य करावं लागलं. अष्टमीचा आणखीही एक अर्थ असतो हे आम्हांला पुढं समुद्रात कळलं.

आंबोलीच्या वळणांवर धुकं होतं आणि धुक्यातून एकामागून एक माशांचे टेम्पो वर येत होते. फळीतून बर्फाचं पाणी रस्त्यावर ठिबकतंय, काचा बंद केल्या तरी वास आत. वेंगुर्ल्याकडची सुरमई कोल्हापूरच्या नि पुढच्या बाजाराला निघालेली. आम्ही तिच्या घरी चाललो होतो, ती आमच्या. मी हे बोलून दाखवलं. साडू म्हणाला, "त्या जाळ्यातल्या. गळाला लागलेल्याची चव वेगळी."

सावंतवाडी, बांदा, पत्रादेवीची हद्द, म्हापसा आणि पहाटे नेरुलचा कोको बीच. मेहुणा तिथं स्वेटर घालून उभा. "थोरले दाजी, धाकटे दाजी, झोप झाली का?" असं विचारून, आम्हांला तांडेलाच्या, म्हणजे बोट हाकणाऱ्या म्होरक्याच्या, हवाली करून तो घरी झोपायला गेला. बोटीत बसायला त्यानं सपशेल नकार दिला. गोव्यात बारा वर्षं काढलेल्या माणसाच्या नकाराकडे तेव्हाच नीट बघायला हवं होतं, पण आम्ही लाइफ जॅकेटच्या बंदांत अडकलो होतो. ती जॅकेटं आदल्या दिवशीच्या घामानं अजून ओली होती.

तांडेलानं आधी पैसे घेतले. मोजले, प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली. मग पहिल्यांदाच समुद्राकडे बघितलं आणि म्हणाला, "आयज उदक बरें ना."

पाणी आम्हांला तरी ठणठणीत दिसत होतं. साडूनं विचारलं, म्हणजे काय? तांडेलानं इंजिनाची दोरी ओढली. एकदा ते इंजिन सुरू झालं, की शंका विचारायची सोय राहत नाही.

मांडवीच्या मुखातून बाहेर पडताना त्यानं आग्वादचा किल्ला दाखवला, जुना तुरुंग दाखवला आणि पुढं सिकेरीच्या बाजूला मोकळ्या पाण्याकडे बोट करून ओरडला, "रिव्हर प्रिन्सेस!" आम्ही डोळे ताणले. काही नव्हतं. खलाशी पोरानं समजावलं, की २००० साली त्या नावाचं मोठं जहाज तिथं रुतलं होतं, बारा वर्षं रुतून होतं, २०१२ मध्ये तोडून काढलं. जे जहाज नाही ते दाखवण्याचेही पैसे आपण मघाशी दिलेत, हे माझ्या लक्षात आलं. त्या दिवसाचा सूर तिथंच लागला. मग डॉल्फिन आले. दोन पाठी वर आल्या, गेल्या. साडूनं मान फिरवली. जे गळाला लागत नाही त्याच्यात त्याला रस नाही.

किनारा धुरकट रेघ होईपर्यंत आत गेल्यावर तांडेलानं इंजिन बंद केलं. बोट पळत असते तोवर बरी असते. थांबली की लाटेला आडवी होते आणि मग डावीकडे, उजवीकडे, थोडी वर, पुन्हा डावीकडे. कान सांगतात आपण हलतोय, डोळे बोटीची फळी बघून सांगतात की नाही, आणि या दोघांच्या भांडणात पोट विनाकारण मधे पडतं. त्यात पेट्रोलचा वास, आमिषाच्या कोळंबीचा वास. खलाश्यानं लिंबू दिलं हुंगायला, क्षितिजाकडे बघायला सांगितलं. बघितलं. क्षितिजही हलत होतं. बोट लागणं म्हणजे काय ते मी इथं सविस्तर लिहीत नाही. सांगोल्यात खाल्लेली भजी आम्ही अरबी समुद्राला परत केली एवढं पुरे.

साडू मात्र हातदोरी धरून ताठ. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली नायलॉनची तंगूस, खाली शिशाचा तुकडा, गरीला सोललेली कोळंबी. सोडायची, तळ लागला की हातभर वर घ्यायची, तर्जनीवर दोरी ठेवून वाट बघायची. टुक, टुक असा हलका धक्का बसायचा. ओढली की गरी रिकामी. पुन्हा कोळंबी, पुन्हा टुक टुक, पुन्हा रिकामी. पितरांना पान ठेवावं तशी आम्ही त्या सकाळी खालच्या अज्ञात आत्म्यांना उत्तम प्रतीची कोळंबी वाढत होतो, आणि स्वतः उपाशी.

अखेर साडू किंचाळला, "वडलालाय! वडलालाय!" सगळे धावलो, म्हणजे ते दोघं धावले, मी मान उचलली. वर आला तो हातभरसुद्धा नाही, वीतभर केंड. पांढरं पोट, पोपटासारखी चोच आणि चेहऱ्यावर कमालीची नाराजी. फळीवर टाकल्याबरोबर त्यानं हवा भरायला सुरुवात केली. करकर आवाज करत, बघता बघता चेंडू. साडू फोटोसाठी हात घालणार तेवढ्यात तांडेल ओरडला, "विखाळी तें!" खरंच आहे, केंडाच्या यकृतात आणि अंड्यांत जीवघेणं विष असतं. त्यानं गरी सोडवून चेंडू पाण्यात फेकला. चेंडू बराच वेळ पोट वर करून तरंगला, मग हवा सोडली आणि गेला. पकडला गेलेला एकमेव मासा असा, की तो फुगल्याचं दुःख साडूलाच जास्त.

मग कारणं आली. मासे येत नसले तरी कारणं थव्यानं येतात. अष्टमी म्हणजे भांग, कमी जोराची भरती-ओहोटी, पाण्याला ओढ नाही आणि ओढ नसली की मासा चरत नाही. ज्या तिथीवर आम्ही मुहूर्त काढला तीच नडली. मग वारा फिरलेला. मग रात्री दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटी. एलईडीच्या मासेमारीवर केंद्रानं २०१७ मध्येच बंदी घातली आहे, पण तांडेलाच्या मते हे दिव्यांना कुणी कळवलेलं नाही. हे शेवटचं कारण सांगताना तो माणूस पहिल्यांदाच आमच्याशी धंद्यातलं बोलला, घसा खाकरून, आमच्याकडे न बघता. पूर्वी याच जागी काय काय लागायचं ते हात पसरून दाखवलं. हात खूप पसरले होते. मग म्हणाला, "फाल्यां यात. फाल्यां मेळटलें."

उद्या साडूला ऑफिस होतं.

मेहुण्याच्या घरी पोचलो तर दारातच स्वयंपाकाचा वास. मेहुण्यानं खोक्यात डोकावून बघायचीही तसदी घेतली नाही, सरळ पानं मांडली. पानात मुगागाठी, खतखतें, सोलकढी, भात. मासळीचा मागमूस नाही. साडू पहिल्या घासाला थांबला. मुगाची सालं काढलेली, एकेक दाणा मोड आलेला. बायकोच्या माहेरी त्यानं हा प्रकार होताना बघितला होता. भिजवा, मोड आणा, पुन्हा भिजवा, सोला.

"वहिनी," तो म्हणाला, "मूग भिजत कधी घातले?"

"शुक्रवारी," वहिनी म्हणाल्या. "आणखी वाढू?"