ट्रॅव्हर्सबाईंचे ते अश्रू आनंदाचे नव्हते

ताईने काल एक फॉरवर्ड पाठवला, खाली 'किती सुंदर!' असं लिहून. त्यात 'मेरी पॉपिन्स' हा सिनेमा कसा बनला यावरच्या 'सेव्हिंग मिस्टर बँक्स' या सिनेमाची गोष्ट जशीच्या तशी इतिहास म्हणून सांगितली आहे: जादूच्या आयाची, मेरी पॉपिन्सची, पुस्तकं लिहिणारी पी. एल. ट्रॅव्हर्स हेकट, त्यांवर सिनेमा काढायला परवानगी देईना. वॉल्ट डिस्नेने वीस वर्षं मनधरणी केली, शेवटी लंडनला जाऊन तिच्या वडिलांचं दुःख ओळखलं, मग तिने सही केली आणि प्रीमियरला आनंदाने रडली. वर उपदेश, की लेखकांनी हट्ट सोडायला शिकावं. ताई स्वतः कथा लिहिते. तिलाच हे पटावं, याचा मला राग आला.

आधी ते रडणं. 'मेरी पॉपिन्स'च्या ऑगस्ट १९६४ मधल्या त्या प्रीमियरचं आमंत्रण ट्रॅव्हर्सना नव्हतंच, त्यांनी ते मागून घेतलं. एवढं 'सेव्हिंग मिस्टर बँक्स'मध्येही आहे. त्या रडल्या, हेही खरं. पण व्हॅलरी लॉसन यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र वाचा. आपल्या कठोर, गूढ मेरीचं पडद्यावर काय झालं, हे पाहून त्यांना धक्का बसला होता. खेळ संपल्यावर त्यांनी डिस्नेला गाठून सांगितलं की तो ॲनिमेशनचा भाग काढून टाका. आता वेळ गेली, असं उत्तर देऊन डिस्ने निघून गेला. करारात त्यांना पटकथेवर मत देण्याचा हक्क होता, तयार सिनेमाच्या संकलनावर नव्हता. एका बाईचा हा पराभव कुणी 'जखम भरून आली' म्हणून वाटत सुटतं आणि आपण त्याला हृदयाची चिन्हं चिकटवतो!

बाकीचं फार बोलण्यासारखं नाही. वडिलांचं दुःख खरं होतं, हे मान्य करावंच लागेल. ते ऑस्ट्रेलियात बँकेत होते, १९०७ मध्ये वारले, तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. पण डिस्नेने लंडनला जाऊन मन जिंकल्याचा तो शेवटचा प्रसंग रचलेला आहे. पटकथेच्या चर्चेसाठी ट्रॅव्हर्स १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाला गेल्या, त्याआधीच हक्कांचा व्यवहार ठरला होता. त्या भेटीत डिस्ने बहुतेक काळ पाम स्प्रिंग्जला होता, चर्चा सिनेमाची गाणी करणाऱ्या शर्मन बंधूंच्या गळ्यात टाकून. 'सेव्हिंग मिस्टर बँक्स'मधला ट्रॅव्हर्सचा प्रेमळ मोटारचालकही काल्पनिक. आणि २०१३ चा हा सिनेमा डिस्ने कंपनीचाच, हे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

हां, पैशाची गरज होती म्हणून त्या तयार झाल्या, हे खरं आहे. त्या व्यवहाराने त्यांना श्रीमंतही केलं. पण पैसे घेतले म्हणजे समाधान झालं, असं कुणी ठरवलं? नव्वदीच्या दशकात नाट्यनिर्माता कॅमेरॉन मॅकिंटॉशने 'मेरी पॉपिन्स'च्या नाटकाचे हक्क मागितले, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या ट्रॅव्हर्सनी अट घातली: लिहिणारे इंग्लंडमध्ये जन्मलेलेच हवेत, आणि डिस्नेच्या त्या सिनेमाशी संबंध असलेलं कुणीही नको.