खंड्या, जिवाणू आणि एक कार्डशीट

सहावीतल्या लेकीने वर्गात दोन चिठ्ठ्या उचलल्या आणि आमच्या वेंगुर्ल्याच्या घरातली शांतता संपली. एकीवर ‘धोक्यातील पक्षी : गुआम बेटावरील खंड्या’ असे होते, तर दुसरीवर ‘मातीतील शिकारी जिवाणू : मिक्सोकॉकस झँथस’. दोघांची तुलना करावयाची होती आणि खाली लाल शाईत सूचना होती : ‘चित्रे एकाच प्रमाणात काढावीत.’

पहिला खोडा आईने घातला. हा खंड्या मुख्यतः पाली, सरडे आणि किडे खातो, हे कानी पडताच तिने विळीवरचा बांगडा तसाच ठेवला आणि विचारले, “मासे खाणा नाय तो खंड्या कसलो?” दुसरा खोडा लेकीचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांतून पॅसिफिक महासागरातल्या गुआमवर उतरलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने तिथले पक्षी इतके फस्त केले की १९८८पर्यंत हा खंड्या रानातून नाहीसा झाला. प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या वंशातले नऊ पक्षी २०२४मध्ये पाल्मायरा बेटावर सोडले, म्हणून आशा तरी उरली. मग याला नुसते ‘धोक्यातील’ कसे म्हणायचे, हा तिचा प्रश्न रास्त होता आणि त्यामुळेच तापदायक होता.

जिवाणूशी मात्र माझे लगेच जमले. तो एकटा शिकार करीत नाही. हजारोंचा थवा सरपटत जाऊन भक्ष्य असलेल्या जिवाणूंना गाठतो आणि पाचक रसांनी विरघळवतो, म्हणजे सगळ्या गावाने मिळून समुद्रातून ओढलेली जाळ्याची रापणच ती. अन्न संपले की सुमारे लाखभर पेशी एकत्र येऊन ढीग रचतात. त्यांतल्या काही टणक बीजाणू होऊन बरे दिवस येण्याची वाट पाहतात आणि पुष्कळशा मरून जातात. (आमचे भाऊबंद उपाशी असताना जमल्याचे मला आठवत नाही; ते जेवणाच्या वेळेलाच येतात.)

घोडे अडले ते लाल शाईपाशी. पक्षी सुमारे २० सेंटीमीटरचा आणि जिवाणू सुमारे ५ मायक्रोमीटरचा असल्यामुळे, जिवाणू निदान एक मिलिमीटरचा काढावा म्हटले तर त्याच प्रमाणात खंड्या ४० मीटरचा होत होता, म्हणजे चोच आमच्या खळ्यात आणि शेपूट शेजाऱ्यांच्या विहिरीपलीकडे. उलट खंड्या कार्डशीटवर मावेल असा काढला की जिवाणू दिसेनासा होई.

रात्री साडेदहाला आईने परसातली चिमूटभर माती काडेपेटीत घालून ती खंड्याच्या चित्राशेजारी डिंकाने चिकटवली. “ह्यात असतलेच ते,” ती म्हणाली.

प्रकल्प परत आला, तेव्हा काडेपेटीखाली शेरा होता : ‘जिवाणू दिसत नाही. पुन्हा काढणे.’