सर्व्हर हलवायचेत? अक्षय्य तृतीयेलाच हलवा

कंपनीचं डेटा सेंटर हलवायचं ठरलं की आधी तारीख पक्की करा. काय हलवायचं, कुठं ठेवायचं, कोण हलवणार या किरकोळ गोष्टी मागाहून बघता येतात. तारीख मात्र मालकांच्याच तोंडून आली पाहिजे, आणि साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा असला तर सोन्याहून पिवळं. आमच्याकडे अक्षय्य तृतीया धरली. त्या दिवशी सुरू केलेलं काम अक्षय होतं म्हणतात. खोटं नाही. आमचं अजून चालू आहे.

शिवाय सोलापुरातला उन्हाळा. पारा चाळिशीच्या पुढं गेलेला असताना मालवाहू टेम्पोच्या पत्र्याखाली सर्व्हर नेण्यात जी मजा आहे ती डिसेंबरात कुठली!

‘डेटा सेंटर’ म्हटल्यावर दचकू नका. चादर-टॉवेलच्या कारखान्यात पहिल्या मजल्यावर पूर्वी सुताच्या पेट्या ठेवायची एक खोली होती, तिला आम्ही हे नाव दिलं होतं. सर्व्हर रचायचे तीन रॅक, दोन एसी. त्यातला एक ठिबकायचा म्हणून त्याच्याखाली निळी बादली. रोज दुपारी चारला शिपाई बादली ओतायचा. आमच्या आपत्ती-व्यवस्थापनाचा हा एकमेव लेखी नसलेला पण न चुकणारा भाग. शेजारी लूम असल्यामुळं सर्व्हरच्या पंख्यांवर कापसाच्या तंतूंचा मऊ थर बसलेला असायचा. हे सगळं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या नव्या इमारतीत न्यायचं होतं.

यादीच्या नादी लागू नका. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा कुठल्या गल्लीत कुठलं लिंग हे मानकऱ्यांना तोंडपाठ असतं. त्यांना पाठ असतं कारण एकही चुकवायचं नसतं. आपल्याला काय त्याचं? आमच्या एक्सेलमध्ये ३१ सर्व्हर होते आणि खोलीत मोजले तर ३४ भरले. जास्तीचे तीन कुणाचे, कशाचे, बंद केले तर कोण बोंबलेल, हे कुणालाच सांगता येईना. अशा वेळी शहाण्या माणसानं यादीवर विश्वास ठेवावा. खोली चुकू शकते.

सराव तर मुळीच नको. ते उंचच्या उंच सात नंदीध्वज तोल सांभाळत चालवता यावेत म्हणून यात्रेआधी कितीतरी दिवस सराव चालतो. आमच्यातल्या एका नव्या पोरानं हेच सुचवलं : “एखादा बिनमहत्त्वाचा सर्व्हर आधी नेऊन चालू करून बघू की.” मालक म्हणाले, “लग्नाआधी कुणी सराव करतं का?” बैठक हसली, विषय संपला. तुमच्याही बैठकीत असं एखादं पोर असेलच. त्याला चहा सांगायला पाठवा.

आता वायरी. लूमवर नवं बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, चढवताना जुन्या ताण्याचा एकेक धागा नव्या धाग्याला जोडतात. हजारो धागे, आणि एकही इकडचा तिकडं होत नाही. त्या कामातला एक म्हातारा जॉबर सहज आमच्या खोलीत डोकावला होता. रॅकच्या मागचा निळ्या-पिवळ्या केबलींचा गुंता बघून त्यानं पान तोंडात एका बाजूला सरकवलं आणि विचारलं, “हे कुणी भरलंय?” उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. केबलींना दोन्ही टोकांना खुणा करायला चार दिवस लागतात; त्यापेक्षा मोबाइलवर एक फोटो काढा. फोटोत पुढच्या केबली दिसतात, मागच्या दिसत नाहीत, पण मनाला आधार वाटतो. आम्ही कागदाच्या चिठ्ठ्याही चिकटवल्या होत्या. टेम्पोतल्या उकाड्यात त्यांचा गोंद सुटला आणि नव्या जागी पोचल्यावर त्या सगळ्या एकाच कोपऱ्यात सापडल्या. व्यवस्थित, एकमेकींना चिकटून.

नव्या खोलीत एसी किती लावायचा हा हिशेब कुणी घालायला लागलं तर थांबवा. हिशेब वाईट असतो. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढीच उष्णता ओकतो, हे त्यातलं पहिलं दुखणं. आमचा भार होता १२ किलोवॅटच्या आसपास. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो, म्हणजे काटकसर केली तरी साडेतीन टन हवेत, आणि एक बंद पडला तर म्हणून वर आणखी. नव्या खोलीत दीड टनाचा एक लागला. तो मालकांच्या जुन्या केबिनमधला होता, फुकट मिळाला. खोलीला पश्चिमेकडे मोठी खिडकीही दिली होती, उजेडासाठी. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांची हवा असावी अशी ॲश्रे या एसीवाल्या इंजिनिअरांच्या अमेरिकी संस्थेची शिफारस आहे. ॲश्रेवाले दुपारी तीन वाजता सोलापुरात आलेले नाहीत.

इंटरनेटची लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आपल्यासाठीची जोडणी, सगळ्यात शेवटी मागवा. ती मिळायला आठवडे लागतात, त्यामुळं आधी मागवली तर वेळेवर येण्याचा धोका असतो. डीएनएस म्हणजे इंटरनेटवरची पत्त्यांची वही, आणि तिच्यातला पत्ता बाकीच्यांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो टीटीएल. हा टीटीएल दोन दिवस आधीच ८६,४०० सेकंदांवरून ३०० वर आणावा, असंही जाणकार सांगतात. तसाच राहू द्या. मग जागा बदलल्यावर दिवसभर निम्मी गिऱ्हाइकं जुन्या पत्त्यावर धडका मारतात आणि आपल्याला शांतता लाभते.

बॅकअपबद्दल एवढंच : रोज पहाटे ‘बॅकअप यशस्वी’ अशी मेल येते ना? मग झालं. त्यातून एखादी फाइल परत काढून बघणं म्हणजे घरच्या माणसावर संशय घेणं. पाच वर्षं अखंड फिरलेली डिस्क एकदा थंड पडली की पुन्हा उठेलच याची खात्री नसते, म्हणून बॅकअपच्या डिस्का जवळच असलेल्या बऱ्या. त्याच टेम्पोत, त्याच सर्व्हरांच्या मांडीवर.

हलवायला पॅकिंगवाली माणसं पुण्याहून कशाला? आपले हमाल आहेत. मुकादम म्हणाला, “साहेब, लोखंडी कपाटं नेल्यात की आम्ही. हे तर त्याहून बारीक हाय.” बरोबरच होतं. बारीक होतं, फक्त भरलेला रॅक वजनाला पाच-सहाशे किलोच्या पुढं जातो आणि उंची साडेसहा फूट असते. नव्या खोलीचा दरवाजा सहा फुटी होता. सर्व्हर बाहेर काढून रॅक रिकामा न्यावा, असं आमच्यापैकी कुणीतरी पुटपुटलं. मुकादमानं “ए, तिरका घे बे” एवढंच म्हटलं आणि रॅक सर्व्हरांसकट आडवा होऊन आत गेला. आतून नाणी पडल्यासारखा आवाज आला. तो कशाचा होता हे आम्हाला मंगळवारी कळलं.

गुंडाळायला अर्थातच चादरी घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर घरात असताना स्थिर वीज रोखणाऱ्या अँटिस्टॅटिक फोमवर पैसे घालणं हा गावाचा अपमान आहे. मयूरपंखी नक्षीत गुंडाळलेला डेटाबेस सर्व्हर टेम्पोत चढताना बघितला तेव्हा माझा ऊर भरून आला होता. माझ्याच लग्नात वरातीला एवढी सजावट नव्हती. मालकांना तर तो सर्व्हर बंदच करू नये असं वाटत होतं. “यूपीएस सोबत न्या की टेम्पोत, चालू राहील.” चालू डिस्कचं हेड तबकडीच्या काही नॅनोमीटर वर तरंगत असतं आणि टेम्पो आपल्या रस्त्यांवरून जाणार असतो, हे त्यांना सांगताना मी पंधरा मिनिटं घालवली. तुम्ही घालवू नका.

पोचल्यावर सगळी बटणं एकदम दाबा. आधी नेटवर्क, मग स्टोरेज, मग सगळ्यांचं लॉगिन तपासणारा डोमेन कंट्रोलर, मग डेटाबेस, मग बाकीचे, असा क्रम लावत बसलात तर नारळ फोडायचा मुहूर्त टळतो. आमच्याकडे ॲप्लिकेशन सर्व्हर डेटाबेसला शोधत होता, डेटाबेस स्टोरेजला शोधत होता, आणि स्टोरेजची पॉवर केबल चुकून शेजारच्या टेबलफॅनला लावलेली होती. फॅन मात्र छान चालला. पेढेही वाटून झाले.

सोमवारी हजेरीचं मशीन चालेना, म्हणून पगारपत्रक निघेना. यादीतले ३१ सर्व्हर तीनदा तपासले. हजेरीचा प्रोग्रॅम एकावरही नव्हता. जास्तीच्या तिघांपैकी दोन हमालांनी शहाणपणानं न विचारताच उचलून आणले होते. तेही तपासले. दोन दिवस लोक हजेरी वहीत मांडत होते आणि आम्ही खाली मान घालून लूम खात्यातून जात होतो.

बुधवारी जुन्या खोलीच्या नव्या भाडेकरूचा फोन आला. तिथं आता शेंगाचटणीचं पॅकिंग सुरू होणार होतं. फोन नेमका मालकांनी उचलला. “मालक, तुमचा एक काळा डबा राहिलाय इथं, बादलीच्या मागं. दिवे लागलेत अजून. गरम लई होतोय. बंद करू का?”

मी जिन्यावरून धावत येईपर्यंत मालक म्हणून गेले होते, “करा की.”