आभाळाची शिरगणती

मार्चमध्ये सोलापूरकर सावली शोधतो, आमचा मेहुणा ऊन शोधतो. त्याचं म्हणणं असं, की दगड तापल्याशिवाय गरम हवा वर चढत नाही, आणि हवा चढल्याशिवाय शिकारी पक्षी पंख न हलवता वर जात नाहीत. म्हणजे पहाटे गारव्यात जाऊन उपयोग शून्य. परतीच्या प्रवासाला निघालेले ससाणे मोजायचे तर ऊन डोक्यावर घ्यायचं, तेही डोंगरावर. "दाजी, तुम्ही नुसतं लिहायचं," म्हणून त्यानं मला काढलं. बायकोनं पाण्याच्या बाटल्या भलत्याच उत्साहानं भरून दिल्या.

आता सोलापूरला डोंगर कुठला? शहर साडेचारशे मीटर उंचीवर आणि चहूबाजूंनी माळ. म्हणून पंचेचाळीस किलोमीटरवरचं तुळजापूर, बालाघाटची धार. सगळं जग तिथं आईच्या दर्शनाला जातं. आम्ही घाटातूनच हात जोडले आणि बोडक्या टेकाडावर जाऊन बसलो.

हे खूळ काही त्याचं एकट्याचं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका डोंगरावर लोक बंदुका घेऊन ससाणे पाडायला बसायचे. रोझली एज नावाच्या बाईंनी १९३४ साली तो डोंगरच भाड्यानं घेतला आणि राखणदार नेमला. राखणदारानं बंदूकवाल्यांना हाकललं, आणि बसल्या बसल्या पक्षी मोजायला घेतले. जॉर्जिया देशातल्या बटुमीला तर शरदात दहा लाखांवर शिकारी पक्षी जातात, कारण एकीकडे काळा समुद्र, दुसरीकडे कॉकेशसचे डोंगर, आणि मधल्या बोळातून सगळ्यांची गर्दी. आमच्याकडे ना समुद्र ना बोळ. थंडीभर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर नाकतोडे हाणायचे, रात्री गवतात जमिनीवरच झोपायचं, आणि उन्हाळा लागला की कझाकस्तानची वाट धरायची, असे ते भोवत्या या शिकारी जातीचे पाहुणे. त्यांना आख्खं आभाळ मोकळं. ते आमच्याच टेकाडावरून का जातील? हा प्रश्न मी घाट चढतानाच विचारला होता. मेहुण्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

वर आभाळ लख्ख निळं. हे वाईट असतं म्हणे, कारण निळ्यात उंचावरचा ठिपका दिसत नाही, पांढऱ्या ढगावर दिसतो. पावसासाठी ढगाकडे डोळे लावणारे सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. पाऊस नको, नुसता ढग द्या म्हणणारा हा एकच. दर तासाला वारा कुठला, ढग किती, पक्षी किती, हे तक्त्यात भरायचं. काही दिसलं नाही तर शून्यही भरायचंच. ते मी वळणदार अक्षरात भरत होतो. दुर्बीण त्याच्याकडे होती, मान मात्र माझीही आखडली.

बोटानं दाबायचं मोजयंत्र घरीच राहिलेलं. त्यावर मेहुण्याची युक्ती: डाव्या खिशात भाजलेल्या शेंगा, पक्षी गेला की एक शेंग उजव्या खिशात. घार आली. शेंग उजवीकडे. घार इथलीच, ती धरायची नाही. शेंग परत डावीकडे. मग सापमार गरुड आला, आणि तो मुक्कामी की प्रवासी यावर अर्धा तास गेला. अकराच्या रकान्यासाठी मी आकडा विचारला, तर दगडावर टरफलांचा ढीग.

"अरे, अकराचे किती?"

"खाल्ले की दाजी. खारे होते."

इतक्यात मेंढरं घेऊन एक आजोबा आले. त्यांनी आधी आम्हाला, मग आभाळाला न्याहाळलं.

"काय बघायलाव वर?"

"ससाणे मोजतोय, आजोबा."

"कुणाचे हायती?"

मेहुणा म्हणाला, कुणाचेच नाहीत. आजोबांना हे पटलं नाही. दुसऱ्याची तर दुसऱ्याची, पण मालक नसलेली जित्राबं कोण मोजतं? त्यांनी जाता जाता स्वतःची मेंढरं एकदा मोजून घेतली.

साडेबाराला मात्र तो आला. राखाडी पाठ, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी, पंख किंचित वर उचललेले. आमच्या पायाखालच्या उतारावरून, गवताला चाटून जावं इतक्या खालून, एकदाही घाई न करता तरंगत गेला. डोक्यावरचं आभाळ तीन तास चाळलं, आणि हा खालून! मी ऊन विसरलो, हे कबूल केलंच पाहिजे. मेहुणा मात्र पांढरा पडला.

"दाजी, हा दक्षिणेला गेला!"

वसंतात उत्तरेला जाणारे जमेला धरायचे आणि उलटे जाणारे वजा करायचे, असा या मोजणीचा नियम. जमेला काहीच नव्हतं. उलटी सरकवायला खिशात शेंगही उरली नव्हती. त्यानं माझ्या हातून पेन घेतलं आणि एकूणच्या रकान्यात स्वतः भरलं: वजा एक.

घरी पोचल्यावर बायकोनं विचारलं, "किती दिसले?"

"वजा एक."

"म्हणजे होता तोही घालवलात?"