अपग्रेड करावे तर चवथीच्या तोंडावर

डिचोलीत नाहीतर फोंड्यात तुमचा छोटा छापखाना आहे, घुमट आरत्यांच्या पुस्तिका अर्ध्या झाल्यात, देवळातल्या नाटकाची हस्तपत्रके उद्या द्यायचीत, अशा वेळी संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात छपाईच्या प्रोग्रॅमची 'नवी आवृत्ती उपलब्ध' असे आले तर क्षणाचाही विलंब लावू नका. जुनी आवृत्ती नीट चालत होती, हे काही कारण नव्हे. बॅकअप घ्यावा असे वाटू लागले तर दुपारचे जेवून जरा पडा. उठेपर्यंत तो विचार गेलेला असतो.

आता चिन्हावर टिचकी मारा. प्रोग्रॅम क्षणभर तोंड दाखवेल आणि गडप होईल. पुन्हा मारा, या वेळी जोरात. एखादी चौकट आलीच तर ती वाचायच्या आत बंद करा. त्यात एक लांबलचक आकडा असतो. सी, मग सहा शून्ये आणि ५ असे असेल तर प्रोग्रॅमने मेमरीत नको तिथे हात घातलेला असतो. शेवटी १३५ असेल तर त्याला हवी ती डीएलएल फाईल, म्हणजे चालायला लागणारी जोडफाईल, सापडलेली नसते. शेवटी ७बी असेल तर बहुधा ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन वेगळ्या घडणींच्या फायलींची सरमिसळ. तीन वेगळी दुखणी, तीन वेगळे उपाय. एवढ्या खोलात जायची आपल्याला काय गरज? 'उघडत नाही' हे एकच निदान तिन्हींना पुरते.

मग बंगळुरूच्या भाच्याला फोन लावा.

"मामा, चौकटीत काय लिहिलंय?"

"काहीतरी इंग्रजीत होतं रे."

"आवृत्ती कुठली?"

"नवी."

त्याने फोटो मागितला तर जरूर पाठवा. त्यात ट्यूबलाइट, तुमचा चष्मा आणि मागचे कॅलेंडर स्पष्ट दिसले पाहिजे. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, उघडायला सांगितला तर ऐकू येत नाही म्हणा. कुठल्या फाईलपाशी प्रोग्रॅम कोसळला, तिचे नाव तिथे छापलेले असते. नाव कळले की पावसात गेलेल्या विजेवर, अँटिव्हायरसवर आणि काल माउसला हात लावलेल्या पोरावर संशय घ्यायची सोयच उरत नाही.

यानंतरचा विधी म्हणजे प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकणे. तो अनेकदा करावा, कारण त्याने काही होत नाही आणि दिवस मात्र छान जातो. बहुतेक प्रोग्रॅम तुमच्या आवडीनिवडी अ‍ॅपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवतात आणि प्रोग्रॅम काढला तरी त्या सहसा तिथेच राहतात. नवी आवृत्ती येते, तोच जुना घास तोंडात घेते आणि पुन्हा ठसका लागून पडते. त्या फोल्डरचे नाव बदलून पाहिले तर प्रोग्रॅम नवे फोल्डर करून उघडण्याची शक्यता असते, म्हणून तिकडे फिरकू नका. विंडोजमध्ये दुसरा वापरकर्ता करूनही पाहू नका. तिथे प्रोग्रॅम सुरळीत चालला तर खोट आपल्याच सेटिंगांत आहे हे सिद्ध होईल, आणि मग शिव्या कोणाला घालणार?

जुने प्लगइन, म्हणजे प्रोग्रॅमला वरून जोडलेल्या पुरवण्या, तसेच ठेवा. ते मागच्या आवृत्तीसाठी बनलेले असतात आणि खिडकी उमटण्याआधीच लोड होतात. फॉन्टांना तर हातच लावू नका. पेनड्राइव्हमधून पेनड्राइव्हमध्ये फिरलेल्या त्या देवनागरी फॉन्टांत एखादा बिघडलेला असतो आणि सुरू होताना फॉन्टांची यादी करणारा प्रोग्रॅम नेमका तिथेच आडवा होतो. पण सगळे हलवून थोडे थोडे परत घालून पाहायचे, हे काम चिकाटीचे. आपल्याला चवथीची खरेदी आहे.

शेवटी कोणीतरी शहाणा म्हणेल, जुनी आवृत्ती परत टाका. टाका ना. नवीने पहिल्याच धावेत तुमच्या सेटिंगांचा किंवा डेटाबेसचा साचा बदललेला असला, तर जुनीला तो कळत नाही. रातोरात घर बदलूनही कामकाज चालू ठेवायची कला फायलींना अवगत नाही. ती आमच्या गोव्याच्या विधानसभेला साधते. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जणांनी भाजपात जाऊन दाखवली.

मन खट्टू झाले तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज यंत्रे पाडली, जगभर विमाने खोळंबली. तुमचे तर एकच यंत्र आहे. तिथल्या लोकांनी सेफ मोडमध्ये जाऊन, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर सुरू करून, ती एक सदोष फाईल काढली, हा भाग गोष्ट सांगताना गाळायचा.

एवढे झाल्यावर यंत्र काखोटीला मारून दुरुस्तीवाल्याकडे जा. तो तोंड वर न करता 'फॉरमॅट' म्हणेल. हो म्हणा. प्लगइन, फॉन्ट, अ‍ॅपडेटा आणि गिऱ्हाइकांची सगळी कामे एका झटक्यात साफ होतील, आणि प्रोग्रॅम उघडेल.

हस्तपत्रक कोऱ्या कागदावर हाताने लिहून झेरॉक्स काढा. राजाचे काम करणाऱ्याचे नाव ठळक काढायला विसरू नका, मंडळाला सगळ्यात मोठी वर्गणी त्याचीच असते.