जेवणाच्या टेबलाबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफ करा. मुलाची वही टेबलाला चिकटून पान फाटलं, हे तुमच्या पुनरावलोकनात वाचून आम्हालाही वाईट वाटलं.

पण ‘नुसतं फडक्यानं टेबलाला तेल लावायचं काम, त्याला इतके दिवस लावले आणि वर टेबल चिकटच दिलं’ हे वाक्य जिव्हारी लागलं. त्याचं उत्तर द्यायलाच हवं, कारण ते वाचून उद्याचं गिऱ्हाईक परस्पर दुसरीकडे जाईल. आमचं पोट याच कामावर आहे.

आम्ही वापरतो ते डबल बॉइल्ड, म्हणजे लवकर वाळावं म्हणून प्रक्रिया केलेलं, जवसाचं तेल. ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतं. म्हणून पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचा आणि वर राहिलेलं सगळं तेल कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. मग निदान चोवीस तास थांबायचं, दमट हवा असेल तर जास्तच. फळीच्या टोकाकडची कापलेली बाजू तर तेल पीतच राहते, तिथं पुन्हा पुन्हा बघावं लागतं. लवकर द्या म्हणून तुमचे रोज फोन येत होते, तरी आम्ही थांबलो ते यासाठीच. खालचा हात ओला असताना वरचा दिला असता, तर टेबल खरंच चिकट झालं असतं.

टेबल ताब्यात घेताना तुम्ही स्वतः तळहात फिरवून बघितलात, टेबल कोरडं होतं. पुरतं कडक व्हायला अजून काही आठवडे लागतात, तोवर वर प्लास्टिक घालू नका, हे पोचवायला आलेल्या मुलानं सांगितलं होतं. तुमच्या फोटोत प्लास्टिक दिसतंय आणि कडेला तेलाचे ओघळही. ते ओघळ आमचे नाहीत ताई. चमक कमी वाटली म्हणून वरून घरातलं गोडं तेल चोळलं, हे फोनवर तुम्हीच म्हणालात. गोडं तेल जवसासारखं वाळत नाही. ते तसंच चिकट राहतं, पुढे खवट वास येतो. हे पुनरावलोकनात लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

तरीही टेबल आमच्या हातचं आहे, आम्ही येऊन नीट करू. टर्पेंटाइनच्या फडक्यानं वरचा थर निघेल, मग लाकडाच्या रेषांच्या दिशेनं बारीक पॉलिश पेपर आणि नवा पातळ हात. आम्ही येईपर्यंत स्वतः जवसाचं तेल आणून लावू नका. त्या तेलाची फडकी बोळा करून ठेवली तर आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतात, ती मोकळी पसरूनच वाळवावी लागतात. यापुढे सगळ्याच गिऱ्हाइकांना सूचना कागदावर द्यायचंही बघतोय.

कधी येऊ ते कळवा, आणि तोवर प्लास्टिक तेवढं काढून ठेवा.